मानेतले दोन मणके आणि परळचं हॉस्पिटल

 

आपल्या इतिहासाच्या सदरात बहुतेक वेळा गड-किल्ले येतात, पेशवाई येते, नाटक कंपन्या येतात. आज मी इतिहास सांगणार आहे तो मानेचा. माझा व्यवसाय आयटी सल्लागाराचा, डॉक्टरकीशी संबंध नाही. पण ही गोष्ट वाचत गेलो तसतसं वाटलं की ती आपल्या घरांत सांगायला हवी. कारण ती मुंबईत, परळच्या गिरणगावात घडली आहे. आणि आज जगात कुठेही मानेच्या पहिल्या दोन मणक्यांचं ऑपरेशन होतं, तेव्हा त्या पद्धतीच्या नावात बऱ्याचदा परळच्या म्युनिसिपल हॉस्पिटलातल्या एका सर्जनचं नाव असतं.

आधी मान समजून घेऊ. माणसाच्या मानेत सात मणके. सगळ्यात वरचा अ‍ॅटलास. ग्रीक कथेत आभाळ पेलून धरणारा जो अ‍ॅटलास, त्याचंच हे नाव. आपल्याकडे पृथ्वी शेषाच्या फण्यावर असते, तसं चार-साडेचार किलोचं डोकं या कड्यासारख्या मणक्यावर असतं. त्याच्या खालचा दुसरा मणका अ‍ॅक्सिस. आजीच्या घरचं जातं आठवा. खालच्या तळीच्या मधोमध एक खुंटी वर आलेली असते आणि वरचा दगड तिच्याभोवती फिरतो. अ‍ॅक्सिसलाही तशीच एक हाडाची खुंटी असते. दातासारखी दिसते म्हणून तिला ओडोंटॉइड म्हणतात. तिच्याभोवती अ‍ॅटलासचं कडं फिरतं. आपण मान डावी-उजवीकडे वळवतो, त्यातलं जवळपास निम्मं वळण या एकट्या सांध्यात होतं.

ही खुंटी जागेवर राहते ती तिच्या पाठीमागून आडव्या गेलेल्या एका चिवट लिगामेंटमुळे. आणि त्या लिगामेंटच्या लगेच मागे मज्जारज्जू, म्हणजे मेंदूकडून हातापायांकडे जाणारा सगळा कारभार. थोडं वर गेलं की श्वास चालवणारं केंद्र. आता कल्पना करा की जन्मापासूनच ही रचना थोडी चुकली आहे, किंवा संधिवाताने, क्षयाने, नाहीतर पडल्याने ती सैल झाली आहे. मग मान पुढे वाकवली की अ‍ॅटलास पुढे घसरतो आणि खुंटी मज्जारज्जूवर दाबते. याला म्हणतात अ‍ॅटलँटो-अ‍ॅक्सिअल डिसलोकेशन. मोठ्या माणसात अ‍ॅटलास आणि खुंटी यांच्यातलं अंतर ३ मिलिमीटरपेक्षा जास्त आणि लहान मुलात ५ मिलिमीटरपेक्षा जास्त दिसलं, की डॉक्टर सावध होतात.

मानेच्या दुखापतीपुढे माणूस फार काळ हतबल होता. इजिप्तमध्ये सापडलेला एडविन स्मिथ पपायरस साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाचं वर्णन आहे आणि निकालही दिलेला आहे: यावर उपचार करायचा नाही. तो वैद्य निर्दय नव्हता. हातात काही नव्हतं, एवढंच त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं.

विसाव्या शतकात हळूहळू हात चालू लागला. १९१० साली अमेरिकेत मिक्स्टर आणि ऑसगुड या दोघांनी अ‍ॅटलास आणि अ‍ॅक्सिस रेशमी दोऱ्याने बांधल्याची नोंद प्रसिद्ध केली. १९३९ साली कॅनडातल्या गॅली यांनी तारेने बांधून मधे हाडाचा तुकडा बसवायची पद्धत मांडली. पुढची अनेक वर्षं जगभर या तारेच्याच निरनिराळ्या आवृत्त्या चालल्या. रुग्णाला ऑपरेशननंतर महिनोन्महिने मान आवळून ठेवावी लागे, आणि तरीही काही जणांत हाडं एकमेकांना जुळत नसत.

आता आपल्या देशात येऊ. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतात न्यूरोसर्जरी हा स्वतंत्र विषय जवळजवळ नव्हताच. १९४९ साली जेकब चांडी यांनी वेल्लोरला सुरुवात केली. १९५० साली बी. राममूर्ती यांनी मद्रासला. त्याच सुमारास मुंबईत राम गिंडे यांनी हे काम हाती घेतलं. १९५१ साली न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे संस्थापक चारच जण होते: चांडी, राममूर्ती, नरसिंहन आणि बलदेव सिंग. एवढ्या मोठ्या देशाचा मेंदू-मज्जासंस्थेचा संसार इतक्या थोड्या माणसांनी मांडला.

आणि मग मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात डॉ. नोशीर वाडिया आले. ते सर्जन नव्हते, न्यूरॉलॉजिस्ट होते. लंडनमध्ये शिकून परतलेले. त्यांची ख्याती रुग्णाला बारकाईने तपासण्याची. त्यांच्यासमोर असे रुग्ण येत की ज्यांचे हातपाय हळूहळू कडक होत चालले आहेत, चालताना तोल जातो, हाताला मुंग्या येतात. कुणाची मान आखूड, कुणाच्या केसांची मागची रेषा फार खाली. कुणी किरकोळ पडलं आणि अचानक लुळं झालं. अशा रुग्णावर काहीही शिक्का बसू शकतो: मज्जारज्जूचा झिजणारा आजार, जीवनसत्त्वाची कमतरता, क्षय, नाहीतर नुसतंच ‘नसांचा त्रास’. वाडियांनी या रुग्णांच्या मानेचे एक्स-रे मान वाकवून आणि सरळ करून पाहिले, नोंदी ठेवल्या, आणि १९६७ साली ‘ब्रेन’ या नामांकित नियतकालिकात जन्मजात अ‍ॅटलँटो-अ‍ॅक्सिअल डिसलोकेशनच्या २८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

२८ हा आकडा छोटा वाटेल. पण पाश्चात्त्य देशांत जो आजार एखाद्या डॉक्टरला उभ्या आयुष्यात क्वचितच दिसायचा, त्याचे २८ रुग्ण एका माणसाने एकत्र मांडले. इथे मला या सगळ्या गोष्टीचं मर्म दिसतं. ‘दुर्मिळ’ हा शब्द आपण आजाराचा गुण असल्यासारखा वापरतो. पण बऱ्याचदा तो आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरतो. लाखात एकाला होणारा आजार, कोट्यवधी लोकांच्या देशात, मोफत उपचार देणाऱ्या मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत दर आठवड्याला समोर येऊ शकतो. प्रश्न एवढाच की समोर आल्यावर तो कुणी ओळखतो का, आणि ओळखल्यावर लिहून ठेवतो का.

वाडिया तेवढ्यावर थांबले नाहीत. १९७१ साली त्यांनी आणि स्वामी यांनी तोल जाण्याच्या एका आनुवंशिक आजाराचा नवा प्रकार वर्णन केला. त्याची खूण काय, तर रुग्णाची नजर एका बाजूकडून दुसरीकडे जाताना संथ सरकते. डोळ्यांची हालचाल कितीतरी डॉक्टर रोज बघतात. संथपणा टिपला तो यांनी. पुढे २०१२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

आता जे. जे. वरून परळला जाऊ. के. ई. एम. हॉस्पिटल आणि सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२६ साली सुरू झालं. नाव इंग्रज राजाचं, पण कॉलेजच्या देणगीमागची अट मोठी बाणेदार होती: इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असले पाहिजेत. त्या काळात वैद्यकातल्या वरच्या जागा इंग्रजांकडे असत, हे लक्षात घेतलं की त्या अटीचं वजन कळतं. हॉस्पिटल महापालिकेचं. आजूबाजूला गिरण्या आणि चाळी. पहिल्यापासून इथे गिरणी कामगार आले, कोकणातून आलेले आले, पुढे बिहार-उत्तर प्रदेशातून रेल्वेने आलेले आले.  आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरात कुणी ना कुणी ‘केईएमला’ दाखल झालेलं असतं.

इथला न्यूरोसर्जरी विभाग होमी दस्तूर यांनी घडवला. पुढे सुनील पंड्या यांनी तो सांभाळला. पंड्या यांचं नाव वैद्यकीय नीतिमत्तेवरच्या लेखनासाठीही घेतलं जातं. याच विभागात अतुल गोयल घडले आणि नंतर विभागप्रमुख झाले.

मधल्या काळात तंत्र बदललं होतं. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमधल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला. नंतर एमआरआय आला. एक्स-रेत नुसती हाडं दिसायची, आता दबलेला मज्जारज्जूही दिसू लागला. निदान सोपं झालं. पण उपचार अजून बहुतांशी तारेवरच अडकला होता.

अडचण काय होती ते सांगतो. तार मणक्यांच्या मागच्या बाजूला बांधली जाते. पण मणके सरकतात ते दोन्ही बाजूंच्या सांध्यांत. दाराची बिजागरी सैल झाली आहे आणि आपण कडीला दोरी बांधतोय, तसा प्रकार. मग थेट सांध्यातच का नाही जायचं? कारण तिथे जाणं फार धोक्याचं मानलं जायचं. सांध्याभोवती शिरांचं दाट जाळं, हात लावला की रक्तस्राव. बाजूने मेंदूला रक्त नेणारी व्हर्टिब्रल धमनी वळसे घेत गेलेली. आणि आत मज्जारज्जू. ज्यांची हाडं जन्मजात वेडीवाकडी, त्यांच्यात ही धमनी कुठून जाईल याचाही नेम नाही.

१९९४ साली गोयल आणि त्यांचे सहकारी लाहेरी यांनी ‘अ‍ॅक्टा न्यूरोकिरुर्जिका’ या युरोपीय नियतकालिकात आपली पद्धत प्रसिद्ध केली. रुग्णाला पालथं झोपवून, डोक्याला ताण देऊन, मानेच्या मागून थेट दोन्ही सांध्यांपर्यंत जायचं. सांधा उघडायचा, आतली कूर्चा खरवडायची आणि तिथे रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचे तुकडे भरायचे. एक स्क्रू अ‍ॅटलासच्या जाड भागात, एक अ‍ॅक्सिसमध्ये, आणि दोन्ही धातूच्या पट्टीने जोडायचे. दोन्ही बाजूंना तसंच. याची किंमतही असते. वाट मोकळी करण्यासाठी मानेतली एक संवेदना नेणारी नस कापावी लागते आणि रुग्णाला डोक्याच्या मागच्या भागात बधिरपणा राहतो. मान वळवण्याचा मोठा हिस्सा कायमचा जातो. पण हातपाय आणि श्वास वाचतो. २००२ साली गोयल यांनी या पद्धतीने उपचार केलेल्या १६० रुग्णांचा अहवाल मांडला.

दरम्यान २००१ साली जर्मनीच्या हार्म्स आणि मेल्चर यांनी याच कल्पनेत पट्टीऐवजी फिरत्या डोक्याचे स्क्रू आणि सळ्या वापरल्या. त्यामुळे बसवणं सोपं झालं आणि पद्धत जगभर पसरली. सुरुवातीला अनेक ठिकाणी ती फक्त हार्म्स यांच्या नावाने ओळखली जायची. आता पुष्कळ ठिकाणी गोयल-हार्म्स पद्धत असं जोडनाव वापरतात. सात वर्षं आधी छापून आलेलं काम नावात यायला वेळ लागला. पण आलं, कारण ते तारखेसह लिहून ठेवलेलं होतं.

गोष्ट इथेच संपली असती तर ती एका ऑपरेशनची झाली असती. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बॅसिलर इन्व्हॅजिनेशन नावाचा याच जागेचा दुसरा आजार आहे. त्यात ती खुंटी वर चढते आणि कवटीच्या तळातल्या छिद्रातून थेट मेंदूच्या देठावर दाब आणते. १९९८ साली गोयल, भाटजीवाले आणि देसाई यांनी केईएममध्ये ऑपरेशन झालेल्या अशा १९० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुन्हा तेच: दुर्मिळ म्हणावा असा आजार, आणि एका म्युनिसिपल विभागात १९० रुग्ण.

तेव्हा अशा अनेक रुग्णांत तोंडातून, घशाच्या मागच्या भिंतीतून जाऊन ती खुंटी कापून काढण्याची पद्धत होती. खुंटी दाबते आहे, तर खुंटी काढा. २००४ साली गोयल यांनी २२ रुग्णांवरचं वेगळं काम मांडलं. त्यांचं म्हणणं, खुंटी वर चढली कारण बाजूचे सांधे घसरले. मग सांधे उघडा, त्यांच्यात धातूचे तुकडे बसवून ते फाकवा, आणि पक्के करा. खुंटी आपोआप खाली येते, तोंडातून जावंच लागत नाही.

आमच्या आयटीत एखादी सिस्टिम पडली की स्क्रीनवर शेवटचा एरर दिसतो. नवखा माणूस त्या एररच्या मागे लागतो. अनुभवी माणूस विचारतो, हा एरर कशामुळे आला? इथे खुंटी हा शेवटचा एरर होता.

२००९ साली गोयल आणि शाह यांनी आणखी एक निरीक्षण मांडलं. या रुग्णांची मान आखूड असते, कधी वाकडी असते. तोपर्यंत ही जन्मजात, न बदलणारी गोष्ट मानली जायची. पण सांधे पक्के केल्यावर काही रुग्णांची मान लांब झाली, वाकडी मान सरळ झाली. म्हणजे आखूड मान हा मूळ दोष नसून, सैल सांध्याला सांभाळण्यासाठी शरीराने केलेली तजवीज असू शकते.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल की आता सगळं उलगडलं. तसं नाही, आणि हेही सांगायला हवं. १८९१ साली प्रागमध्ये कियारी यांनी मेंदूचा खालचा भाग मानेत उतरल्याचं वर्णन केलं, ते कियारी मालफॉर्मेशन. २०१५ साली गोयल यांनी ६५ रुग्णांच्या आधारे विचारलं, की कियारीचं कारणही या दोन मणक्यांची अस्थिरताच आहे का? आणि त्यांनी कियारीच्या रुग्णांचेही हे सांधे पक्के केले. यावर जगभरातल्या अनेक न्यूरोसर्जननी तीव्र मतभेद नोंदवले. कियारीत साधारणपणे कवटीच्या मागच्या बाजूला जागा मोकळी करून देतात आणि त्याने पुष्कळ रुग्णांना बरं वाटतं. ज्याचा सांधा सैल दिसत नाही, त्याच्या मानेचं वळण कायमचं का घालवायचं, हा त्यांचा प्रश्न. हा वाद अजून चालू आहे. एका बाबतीत बरोबर ठरलेला माणूस दुसऱ्या बाबतीत बरोबर ठरेलच असं नसतं. त्याचा निकाल पुन्हा नोंदी, तुलना आणि वर्षांनुवर्षांची पाहणी यांतूनच लागणार.

मंडळी, हा इतिहास आपल्या शारजातल्या घरांत कशाला? तर यासाठी. आपल्यापैकी अनेक जण सकाळ-संध्याकाळ अल इत्तिहाद रोडवर तासन्‌तास बसतात, दिवसभर लॅपटॉप. मान दुखतेच. शंभरातल्या बहुतेकांचं दुखणं साधंच असतं, व्यायामाने आणि उशी बदलून जातं. त्याने घाबरून जायचं कारण नाही. पण मानेबरोबर हाताला मुंग्या येत असतील, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळत असतील, चालताना पाय कडक वाटत असतील, तोल जात असेल, किंवा मान वाकवली की अंगातून विजेसारखी झिणझिणी जात असेल, तर ‘स्पॉन्डिलोसिस असेल’ म्हणून गोळी घेऊन बसू नका. न्यूरॉलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जनला दाखवा. आणि विचारा: पहिल्या दोन मणक्यांचा सांधा नीट पाहिला आहे का? मान वाकवून आणि मागे नेऊन काढलेले एक्स-रे हवेत का? हे एक्स-रे डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच काढायचे. हा प्रश्न विचारण्यात कुणाचा अपमान नाही. अनेक वर्षं निसटणारं निदान अशा एका प्रश्नाने सापडू शकतं.

दुसरं, सलूनमध्ये केस कापून झाले की चंपी होते आणि शेवटी कडकन मान मोडून देतात. बऱ्याच जणांना ते आवडतं. आजची गोष्ट ऐकल्यावर ठरवा, की आत काय आहे ते न बघता कुणी त्या सांध्याला झटका द्यावा का. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत आणि जुना संधिवात असलेल्या वडीलधाऱ्यांत हा सांधा सैल असण्याची शक्यता जास्त असते. त्यांच्या मानेला असा झटका कधीच नको, आणि वरची लक्षणं दिसली तर लगेच तपासणी हवी.

तिसरं, कागद जपा. आपण देश बदलतो, नोकरी बदलते, इन्शुरन्स बदलतो, आणि प्रत्येक वेळी तपासणी नव्याने सुरू होते. गावाकडे आई-वडिलांचे जुने एक्स-रे गादीखाली पडलेले असतात. पाच वर्षांपूर्वीची फिल्म आणि आजची फिल्म शेजारी ठेवली, की डॉक्टरला जे दिसतं ते एकट्या नव्या एमआरआयत दिसेलच असं नाही. फोटोवर विसंबू नका, सीडी आणि रिपोर्ट दोन्ही ठेवा, तारखेप्रमाणे लावा.

वाडियांच्या २८ नोंदी, केईएमच्या १९० नोंदी, मग १६०, २२, ६५. या आकड्यांमागची माणसं कोण होती ते आपल्याला माहीत नाही. त्यांतले कितीतरी लांबलांबून आले असतील, जिना चढताना कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून. त्यांची नावं कुठल्याही पद्धतीला दिलेली नाहीत. पण त्यांना नीट पाहिलं गेलं, त्यांचं लिहून ठेवलं गेलं, म्हणून आज दुसऱ्या कुठल्यातरी देशातल्या ऑपरेशन थिएटरात एखाद्याचे हातपाय वाचतात.

या सुट्टीत मुंबईला गेलात आणि परळवरून गाडी गेली, तर मुलांना ती इमारत दाखवा आणि ही गोष्ट सांगा. पुढच्या भागात भेटू. तोवर सांभाळून राहा, मानेलाही सांभाळा. नमस्कार.